जुनं पान परत मागणारी कुसुमताई

प्रिय कुसुमताई,

आज सकाळी मी तुझं कुलूप तोडलं.

लोखंडी नाही गं, संगणकातलं. पंपाची मोटार चालू करायच्या पेटीचं, स्टार्टरचं पुस्तक तू मजकुराच्या दुरुस्तीसाठी तुझ्या नावावर काढून घेतलं होतंस. आणि जोवर ते एकाच्या नावावर आहे तोवर दुसऱ्या कुणालाही त्यात कानामात्रासुद्धा बदलता येत नाही. नियम तुझाच! तू गेलीस तरी पुस्तक तुझ्याच नावावर राहिलं. कुणी ते मागितलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत उत्तर यायचं, हे पुस्तक कुसुमकडे आहे. वाचणारा उठून जायचा. तेरवी झाली, त्यानंतरही बरेच दिवस गेले, पण ते सोडवा असं कुणी म्हणत नव्हतं.

आज मोठे साहेब माझ्या टेबलापाशी आले. नेहमीसारखे घाईत नव्हते. म्हणाले, "विजयाबाई, ते आता मोकळं करावं लागेल."

मी केलं. दुसऱ्याचं कुलूप तोडताना यंत्र कारण विचारतं, ते तुला माहीत आहेच. मी काय लिहायचं होतं?  मग लिहिलं, 'कुसुमताई नाहीत.' यंत्राला तेवढं पुरलं.

मग आत काय बदललं होतंस ते पाहिलं. काहीच नाही. एक अक्षरही नाही. म्हणजे त्या दिवशी तू पुस्तक काढलंस, खुर्चीवर बसलीस, आणि काही न करता उठून घरी गेलीस. किती त्रास होत होता तुला त्या दिवशी? मी पलीकडच्याच खोलीत होते ना, ताई! एक हाक मारायची होतीस.

म्हणून लिहायला बसले आहे. ऑफिसात मी तुला 'तुम्ही' म्हणायची आणि डबा उघडला की 'तू'. हे डब्याजवळचं बोलणं समज.

आठवतं, मी तुझ्याकडे टायपिस्ट म्हणून आले तेव्हा? हिंगण्याच्या रस्त्यावरच्या त्या कारखान्यात पंप बनतात, मोटारी बनतात, स्टार्टर बनतात, एवढं मला ठाऊक होतं. पण त्यांची पुस्तकंही कुणीतरी लिहितं, हे तुझी खोली पाहिल्यावर कळलं. ड्रॉईंग ऑफिसच्या मागची ती अरुंद खोली, तिथे तू आणि चहूकडे कागद! पंप कसा बसवायचा, मोटार कशी जोडायची, बिघडली तर काय आधी पाहायचं. इंग्रजीतून आलेलं तू मराठीत आणायचीस आणि मी टाईप करायची.

पहिल्याच आठवड्यात मी एक वाक्य फार छान लिहिलं म्हणून तुला दाखवलं. तू वाचलंस आणि हसलीस.

"सुंदर हाय वं. पण हे वाचनार कोन? विहिरीपाशी उकिडवा बसलेला मानूस. हात ओले, उजेड कमी, आन पाणी बंद पडलं म्हनून डोकं गरम. त्याले एवढं लंबं वाक्य काहून देतं?"

तेव्हापासून मी तो माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहू लागले. अजून ठेवते.

आणि तो डबा! मी इंदोऱ्याच्या दलित वस्तीतली आहे हे कळल्यावर जेवणाच्या सुट्टीत काही जणींची टेबलं हळूच सरकली होती. तू माझ्या डब्यातलं वांगं उचललंस, खाल्लंस आणि म्हणालीस, "तुह्या आईले सांग, तिखट कमी पडलं." पुढे तुझ्याबरोबर पहिल्यांदा तुझ्या माहेरी नरखेडकडे आले तेव्हा तुझ्या आईनं विचारलं, "कोनाची वं ही पोरगी?" तू म्हणालीस, "माही." आईनं एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला चुलीपाशी पाट दिला. परतीच्या एस.टी.त तू खिडकीबाहेर पाहत होतीस. मला वाटलं संत्र्याच्या बागा पाहते आहेस. तू रडत होतीस का गं? मी कधी विचारलं नाही.

त्याच घरातल्या तुझ्या भावाला, देविदासला, नंतर ते झालं.

तुला सगळं माहीत आहे. पण मला ते एकदा सरळ लिहू दे, कारण त्या दिवसानंतर आपण दोघी ते पूर्ण कधी बोललोच नाही.

स्टार्टरची पेटी बदलली होती. जुन्या पेटीत हॅण्डल खाली केलं की आतली सगळी वीज तुटायची, मग खुशाल पेटी उघडा. नव्या पेटीत हॅण्डलनं फक्त मोटार थांबायची आणि वरच्या तारांत वीज तशीच राहायची. आधी खांबाजवळचा मेन स्विच पाडायचा आणि मगच पेटी उघडायची. बाहेरून दोन्ही पेट्या सारख्याच, तोच राखाडी रंग, तेच हॅण्डल. जुनं पुस्तक तूच लिहिलं होतंस. नवी पेटी येणार म्हटल्यावर नवंही तूच लिहिलंस, ते वाक्य जाड अक्षरांत घातलंस आणि वेळेवर छापूनही घेतलंस. पण दोन्ही पुस्तकांवर तेच निळं कव्हर. स्टोअरमध्ये जुन्यांचा ढीग बाकी होता. कुणीतरी म्हणालं, आधी जुनी संपू द्या. नव्या पेट्यांसोबत जुनी पुस्तकं गेली.

देविदास शेती पाहायचा आणि आसपासच्या गावांत पंपही दुरुस्त करायचा. बहिणीच्या कंपनीचा माल म्हणून आपल्याच पेट्या बसवायचा, अभिमानानं. शेजारच्या बागेत मोटार अडली म्हणून त्याला बोलावलं. त्यानं पुस्तक पाहिलं, हॅण्डल खाली केलं, पेटी उघडली.

जीव वाचला. उजवा हात मनगटापासून गेला.

तू त्याला भेटायला दवाखान्यात गेलीस तेव्हा मी तुझ्यासोबत होते. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तू नाव घेतलंस. तो वळला नाही, फक्त विचारलं, "पुस्तक तूच लिवलं होतं ना?"

तू म्हणालीस, "हो."

बस, एवढंच. नवं पुस्तकही मीच लिहिलंय, ते वेळेत छापलं होतं, चूक स्टोअरची आहे, काही म्हणाली नाहीस! मी सांगायला तोंड उघडलं तर तू माझा दंड घट्ट धरलास. बाहेर आल्यावर मी चिडले. "काहून नाही सांगितलं, ताई?" तू म्हणालीस, "त्यानं जे वाचलं ते माहंच होतं ना वं? मंग?"



त्यानंतर कंपनी हादरली. साहेबांनी तुला सांगितलं, पुस्तकं सांभाळायची पद्धत तुम्हीच ठरवा, पाहिजे ते देऊ. आणि गंमत पाहा, जिच्यासाठी मी जीव टाकायची तिच्याशीच माझं भांडण सुरू झालं!

तुला कपाट हवं होतं. प्रत्येक पुस्तकाची एकच मूळ प्रत, ती कुलपात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर शिक्का, आणि नवी निघाली की जुनी परत. मला संगणक हवा होता. मी नुकतंच संध्याकाळच्या वर्गात ते शिकले होते आणि माझी मान जरा ताठ झाली होती. पुण्याहून कुळकर्णी नावाचा तरुण इंजिनिअर आला होता. त्यानं टेपवर दोन प्रोग्राम आणले होते. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती, मजकूर बदलला तरी जुना मरत नाही. कुणी बदललं, कधी, का, सगळं राहतं आणि मागितलं की मागचं रूप पुन्हा समोर येतं. फरक इतकाच होता की एका प्रोग्राममध्ये एकानं पुस्तक काढलं की दुसऱ्यानं थांबायचं. दुसऱ्यात सगळ्यांनी आपापली प्रत घेऊन एकाच वेळी काम करायचं आणि शेवटी यंत्र सगळ्यांच्या दुरुस्त्या एकत्र करून द्यायचं.

मला अर्थातच दुसरा आवडला. कुळकर्णीलाही. तीन इंजिनिअर, तीन दुरुस्त्या, एका दिवसात पुस्तक तयार! थांबायचं कशाला?

मी भर मीटिंगमध्ये म्हणाले, "कपाटाचे दिवस गेले, ताई." तू चष्मा पुसत राहिलीस. मग साहेबांना म्हणालीस, "मले आठ दिवस द्या. मी शिकते."

आणि शिकलीस! पन्नाशीला टेकलेली बाई, बाहेर चपला काढून संगणकाच्या त्या थंड खोलीत जायचीस. बाहेर मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि तू आत शाल पांघरून टर्मिनलसमोर. "बाप्पा, इथं तर हुडहुडी भरून राहिली वं!" देवनागरी उमटवणारा आपला तो एकुलता एक टर्मिनल तू आठवडाभर कुणाला दिला नाहीस. एकेका बोटानं टाईप करायचीस. मी शेजारी बसून सांगायची. खरं सांगू? आपल्या भांडणातला तो आठवडा माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा होता.

आठवड्याच्या शेवटी तू एक परीक्षा मांडलीस. स्टार्टरचं पुस्तक घेतलंस, पेटी उघडायचं तेच पान. मला म्हणालीस, तू तुझ्या प्रतीत हे वाक्य नव्या पेटीसाठी दुरुस्त कर. कुळकर्णीला म्हणालीस, तुम्ही तुमच्या प्रतीत जुन्या पेटीचंच वाक्य जरा सोपं करा. मग दोन्ही एकत्र करा आणि छापून आणा. आम्ही केलं. यंत्र बिचारं प्रामाणिक होतं. एकाच जागी दोघांनी हात लावला आहे असं त्यानं खुणा करून सांगितलं आणि दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवून विचारलं, यातलं कुठलं? कुळकर्णीला जेवायला जायची घाई होती. दोन्ही बरोबरच दिसतात म्हणून त्यानं खुणा तेवढ्या पुसल्या आणि पान छापलं.

ते पान तू मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलंस. अजून कानात आहे. "हॅण्डल खाली करून पेटी उघडावी. पेटी उघडण्याआधी मेन स्विच पाडावा."

 कुळकर्णीचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, पोरगाच होता. तू त्याला काही टाकून बोलली नाहीस. उलट म्हणालीस, "तुमचा प्रोग्राम खोटा नाही. त्यानं विचारलं होतं. पण आपल्याकडे घाई हाय, आन घाईतला मानूस विचारलेलं वाचत नाही. म्हनून मले कुलूपवाला पाहिजे. दोघांनी आधी बोलावं, मंग लिहावं."

माझ्याकडे पाहून हळूच म्हणालीस, "आन विजू, कपाट नको. तुहं बरोबर होतं."

तू जिंकलीस की मी, हे मला आजवर कळलं नाही.

कुलूपवाला प्रोग्राम आला आणि आम्ही तुझ्या नावानं किती बोटं मोडली, सांगू? एक जण पुस्तक नावावर काढून लग्नाला अकोल्याला निघून गेला. तो येईपर्यंत मोटारीचं पुस्तक अडकलं. मी तुझ्याकडे धावत आले, तोडू का म्हणून. तू म्हणालीस, "त्याले तार कर." तार! एका वाक्यासाठी! त्यानं उत्तर पाठवेपर्यंत तू काही सोडलं नाहीस. मग तो परत आल्यावर त्याला चहा पाजलास आणि एवढं झापलंस की पुढे तो जेवायला उठतानाही पुस्तक सोडून उठायचा.

कधी कधी मला वाटायचं, ही बाई आम्हाला पुस्तक राखायला नाही, एकमेकांशी बोलायला शिकवते आहे.

पण तुझं समाधान होत नव्हतं. एवढं सगळं नीट बसलं, प्रत्येक पानाखाली आवृत्तीचा आकडा छापला जाऊ लागला, कव्हरचे रंग बदलले, स्टोअरमधली जुनी पुस्तकं तू स्वतः उभी राहून लगदा करायला पाठवलीस. साहेब खूष. मीही खूष. आणि तू एक दिवस डबा तसाच ठेवून म्हणालीस, "विजू, तुह्या यंत्रातलं पुस्तक बरोबर झालं वं. पण त्या मानसाजवळचं?"

कोणता माणूस ते मला लगेच कळलं. तो विहिरीपाशी बसलेला.

मग ते रविवार सुरू झाले. पिशवीत नवी पुस्तकं घ्यायची आणि मिळेल ती एस.टी. पकडायची. काटोल, नरखेड, सावनेर, कधी रामटेक. जिथे आपल्या पेट्या गेल्या तिथे जायचं, दुकानदाराकडून पत्ते घ्यायचे, बांधाबांधानं चालायचं, नवं पुस्तक द्यायचं आणि जुनं मागून घ्यायचं. कंपनी म्हणाली, जायचं तर जा, आम्ही अडवत नाही. पहिल्यांदा मला हे खूळच वाटलं होतं. रविवारी माझ्या घरी धुणं पडलेलं असायचं!

लोक नवं पुस्तक आनंदानं घ्यायचे, जुनं द्यायला नाही म्हणायचे. आठवतो तो रामटेकच्या पायथ्याचा धान पिकवणारा म्हातारा? जुन्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर त्यानं नातवंडांचे जन्मवार लिहिले होते. "हे कसं देऊ, बाई?" तू त्याच्या अंगणात बसलीस, ते पुस्तक मांडीवर घेतलंस, पेटी उघडायचं तेवढं एकच पान अलगद फाडलंस, तिथे नवं पान खळीनं चिकटवलंस आणि पुस्तक वाळेपर्यंत त्याच्या नातवंडांच्या गोष्टी ऐकत राहिलीस. आपली बस चुकली. मी रागावले होते. आता ती संध्याकाळ परत मिळावी म्हणून मी काय देणार नाही!

फक्त एका घरी तुला पुस्तक देता येत नव्हतं.

देविदास डाव्या हातानं जगायला शिकला होता. तू माहेरी गेलीस की तो बागेत निघून जायचा. आई मधल्यामध्ये थकायची. तू नवं पुस्तक ओसरीवर ठेवून यायचीस. पुढच्या वेळी ते तिथेच, तसंच असायचं. त्यावर धूळ. तू पदरानं पुसायचीस आणि परत ठेवायचीस. मी म्हणाले, ताई, एकदा बसून बोल ना त्याच्याशी! तू म्हणालीस, "बोलून काय सांगू वं? माहं बरोबर होतं म्हनून?"

त्या दिवसांतच तुला दम लागायला लागला असणार. बांधावर तू थांबायचीस आणि म्हणायचीस, "पाह्य विजू, बहार कसा धरला." मी संत्र्याची झाडं पाहायची. तुला श्वास हवा होता आणि मी झाडं पाहत होते! ऑफिसचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून तू पर्समध्ये काहीतरी शोधायचीस. काय शोधायचीस गं? काहीच नसायचं ना त्यात?

याचा मला राग आहे, ताई. खरंच राग आहे. आम्हा सगळ्यांना तू शिकवलंस की बदल केला तर कारण लिहा, लपवू नका, पुढच्याला कळलं पाहिजे. आणि स्वतःच्या हृदयाची झडप खराब आहे हे डॉक्टरांनी सांगितलेलं वर्षभर पोटात ठेवलंस. आईला नाही, मला नाही, कुणालाच नाही. हा कुठला न्याय?

मग तू आजारी पडलीसच. दवाखान्यात मी रोज यायची. तू ऑफिसचं विचारायचीस आणि मी सांगायची. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलवा. मी तुझ्या गावी निरोप पाठवला. खरं सांगते, देविदास येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो आला. दुपारची वेळ होती, मृग बहाराची संत्री संपत आली होती, उन्हाळा तोंडावर होता तेव्हा. खांद्याला पिशवी, आत बागेतली संत्री. खाटेजवळच्या स्टुलावर बसला. तू डोळे उघडलेस.  मला वाटलं आता तरी, आता तरी कुणीतरी बोला!

त्यानं एक संत्रं काढलं. उजव्या हाताच्या थोटकानं ते गुडघ्यावर दाबून धरलं आणि डाव्या अंगठ्यानं सोलायला लागला. रस पँटवर गळत होता. मी पुढे झाले तर मान हलवून नको म्हणाला. सगळं साल निघेपर्यंत तू त्याच्या हाताकडे पाहत होतीस. किती दिवसांनी तो हात तू इतक्या जवळून पाहिलास?

त्यानं एक फोड तुझ्या तोंडाशी नेली. तू खाल्लीस. मग अजून एक.

"गोड हाय का?" त्यानं विचारलं.

"थोडं आंबट हाय गा."

"पाणी कमी पडलं यंदा."

"काहून? मोटार बंद होती का?"

"नाई. मोटार चालू हाय. विहीरच खाली गेली."

एवढंच बोलणं झालं. मी दाराशी जाऊन उभी राहिले, कारण मला रडू आवरेना. तुमच्या दोघांच्या जन्मभराच्या बोलण्यातलं शेवटचं बोलणं विहिरीच्या पाण्याचं! पण तू मला जवळ बोलावून कानात म्हणालीस, "आला वं, विजू." तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मी कुणाला सांगू शकत नाही. त्यानंतर दोनच दिवसांत तू गेलीस. तो तुझ्या उशाशीच होता.

तू गेल्यावर खोलीत कुणाला बसवायचं यावर बोलणी झाली. मलाच बसवलं. तुझी खुर्ची मी भिंतीकडे सरकवली आहे आणि माझी आणली आहे. रागावू नकोस. तुझ्या खुर्चीवर बसायला माझी उंचीही कमी आणि हिंमतही.

साहेब म्हणाले, आता ते रविवारचं फिरणं पुरे, विजयाबाई. संगणकात सगळं ठीक आहे, नवीन माल नव्या पुस्तकासोबतच जातो, जुनं किती राहिलं असेल? मी म्हणाले, तेच तर आपल्याला माहीत नाही, साहेब.  पण एकटीनं जाणं सोपं नव्हतं. तू होतीस तर लोक दार उघडायचे. मला विचारायचे, बाई, तुम्ही कोण, कोणाच्या, कशाला आलात. एका गावात तर पाणीही बाहेरच दिलं. तिथून मी परत आले, पिशवी तशीच भरलेली. खूप दिवस गेले नाही मग. बसायची रविवारी घरी, धुणं काढायची, आणि तुझी आठवण यायची.

आज दुपारी, म्हणजे सकाळचं ते सगळं झाल्यावर, शिपाई सांगत आला की गेटवर कुणी भेटायला आलंय. खाली गेले. देविदास! कळमन्याच्या बाजारात माल घेऊन आला होता, तिथून सरळ इकडे. घामानं भिजलेला, टोपी काखेत. मला वाटलं तुझ्या फंडाच्या कागदांसाठी आला असेल. मी म्हटलं, वर चला भाऊ, चहा घ्या.

तो उन्हातच उभा राहिला. म्हणाला, "आई सांगत होती, तुम्ही फिरनं बंद केलं म्हनून."

मी खरं ते सांगितलं. एकटीला लोक पुस्तक देत नाहीत. ऐकूनच घेत नाहीत.

तो कारखान्याच्या पाटीकडे पाहत होता. ज्या कंपनीचं नाव त्यानं इतकी वर्षं घरात घेऊ दिलं नाही, तिच्या पाटीकडे. मग त्यानं उजवी बाही वर सारली.

"मी येतो संगं," तो म्हणाला. "तुम्हाले काही बोलायचं काम नाही, बाई. हे पाह्यलं का, लोक पान फाडू देतील."

ताई, तिथेच गेटवर, पहारेकऱ्यासमोर मी रडले. तो गोंधळून गेला. म्हणाला, "रडून काहून राहिल्या? मीनं काही वाईट म्हनलं का?"

येत्या रविवारी आम्ही सावनेरकडे निघतो आहोत. तो गावाहून येईल, मी इथून जाईन. नवी पुस्तकं मी बांधून ठेवली आहेत. तुला शब्द देते, आपली पेटी जिथे जिथे लागली आहे तिथपर्यंत आम्ही जाऊ. शेवटचं पुस्तक हाती येईपर्यंत जाऊ. कंपनी हो म्हणो की नाही म्हणो. आणि चालताना तो थकला तर मी त्याला थांबवीन, मी थकले तर त्याला सांगेन.

तुझीच,
विजू